वळणावरचा सडा

माझ्या नातीला मी पहिल्यांदा पडताना पाहिलं ते लोणीकडच्या सरळ रस्त्यावर. तिथे ना खड्डा होता, ना वळण. रस्ता कोरडा होता. तीस-पस्तीस पोरी सायकलींवर एका घोळक्यात येत होत्या, इतक्या चिकटून की दोघींच्या मधून हात घालायला जागा नव्हती. मी बाभळीखाली उभी होते. त्यातली आमची कोणती ते मला ओळखू येत नव्हतं, कारण सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर काळे चष्मे. मग आवाज झाला. माणूस पडल्याचे आवाज मी आयुष्यात पुष्कळ ऐकलेत. झाडावरून पडलेलं माणूस ऐकलंय, बैलगाडीवरून पडलेलंही ऐकलंय. हा आवाज तसा नव्हता. आधी सायकली डांबरावरून खरडत गेल्या आणि त्या खरखरीत मधेच एकदा टक असं वाजलं. तो टक आमच्या पोरीच्या डोक्याचा होता.

ढिगातून तिला बाहेर ओढलं तेव्हा ती उभी राहिली आणि पहिलं विचारलं, "सायकल मोडली का?" उजव्या अंगाची कातडी खांद्यापासून ढोपरापर्यंत सोलून निघाली होती आणि त्या लाल मांसात बारीक खडी रुतली होती. गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं. त्यांचे सर, म्हणजे सायकल शिकवणारे मास्तर, त्यांनी तिचं हेल्मेट माझ्या हातात दिलं. आतून उभी चीर गेली होती.

मी म्हणाले, "काय भिकार माल दिलाय तुमी पोरींना? एका आदळीत फुटला."

"आजी, ते फुटायलाच असतं. ते फुटलं म्हणून डोकं राहिलं."

मी ते हेल्मेट दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. दाबलं की चीर उघडायची, सोडलं की मिटायची. त्या दिवशी मी घाबरले, ती अजून घाबरलेलीच आहे.

ती माझ्या मुलाची धाकटी. शाळा लांब होती म्हणून तिला सायकल मिळाली. खेळाच्या मास्तरांनी तिला चढावर पोरांना मागे टाकताना पाहिलं आणि तिथून हे लागलं. आता कॉलेजात आहे. पहाटे साडेपाचला बाहेर पडते ती आठ वाजता परत येते. तेवढा वेळ मी काही ना काही काम काढून ओट्यावर बसते. रस्त्यावर कुठे गाडीने करकचून ब्रेक मारला की माझा हात सुपातच थांबतो. मागून माणसांचा गलका ऐकू आला नाही, तर मग पुन्हा तांदूळ निवडायला घेते. लोक विचारतात, "पोरगी अंधारात जाती, बिबट्याची भीती न्हाई वाटत?" आमच्याकडे उसात बिबटे आहेत, हे खरं. मी सांगते, बिबट्याच्या डोळ्यावर उजेड पाडला तर तो उसात शिरतो. उसाची ट्रॉली शिरत नाही.

हात गळ्यात अडकवून ती दीड महिना घरी होती. मी तिला रोज तेच म्हणत होते, सोड हे. ती रोज तेच उत्तर द्यायची, जेवायला वाढ. एक दिवस मात्र तिने मला बसवून नीट समजावलं. दोन ताटल्या उभ्या धरल्या, एकीच्या मागे एक.

"हे पुढचीचं मागचं चाक. हे माझं पुढचं चाक. मधी एवढंच अंतर."

एका वितीएवढं.

"एवढ्या जवळ मरायला कशाला जाती?"

"वारा पुढची खाती. मला कमी लागतो. लांब राहिलं की दमून मागं पडायचं." मग तिने एक ताटली दुसरीला टेकवली. "हे असं लागलं की मागची पडती. नेहमी मागचीच. पुढचीला कळतबी न्हाई."

आणि मग म्हणाली की एवढी मोठी सायकल, एवढी मोठी मी, पण चाक जमिनीला टेकतं ते माझ्या अंगठ्याएवढंच. ते अंगठ्याएवढं घसरलं की संपलं. रस्त्यावर पांढरा पट्टा असतो ना, तो ओला असला की आमी त्याच्यावर वळत न्हाई.

"आजे, तू गाळ काढायला विहिरीत उतरायचीस की. दोर धरून."

"पोटासाठी उतरायची."

"मंग मीबी कशासाठी तरीच जाते ना."

मी तिच्या हातातल्या ताटल्या घेऊन फळीवर ठेवल्या. पण अंगठ्याएवढं, हे माझ्या डोक्यात बसलं. ती सायकल घेऊन निघाली की मी तिच्या चाकाखाली बघायची.

हे सगळं मी आधी सांगितलं ते याच्यासाठी की पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये. मला माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की पोरींची शर्यत जुन्नरहून निघणार, घोडेगावला संपणार आणि आमच्या गावावरून जाणार. आमचं गाव खिंडीच्या पायथ्याला आहे. रस्ता खिंडीतून सरळ उताराने खाली येतो आणि गावाच्या तोंडाशी एकदम उजवीकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोरी आहे आणि मोरीला दगडी कठडा. कठड्यापलीकडे ओढा. वरती जुनी चिंच आहे, तिची सावली वळणावर दुपारपर्यंत राहते.

देवळात बैठक झाली. आता आमच्याकडच्या माणसांना शर्यत म्हटली की एकच माहीत, बैलगाड्याची. घाटात, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या पट्टीत, आधी टँकरने पाणी मारायचं, धुरळा बसवायचा, गाडा आला की भंडारा उधळायचा, आरडाओरडा करत दोन्ही बाजूंनी आत घुसायचं. त्यामुळे बैठकीत बोलणं सुरू झालं ते तसंच.

सरपंच माझ्या चुलतदिराचा मुलगा आहे. तो मला म्हणाला, "काकी, तुमची नात येणार म्हंजी आपल्या घरचाच गाडा."

"टँकर सांगा," मागून एक जण ओरडला. "धुरळा डोळ्यात जायचा पोरींच्या."

"भंडारा किती आणायचा?"

"अरे, पोरी हायेत त्या, बैल न्हाईत."

"बैलावर उधळतो आन पोरीवर न्हाई? हा कुठला न्याय राव?"

सगळे हसले. मीही हसले. आणि मग मी बोलले. मी म्हणाले, "टँकरचं पाणी ऊन पडलं की उडून जातं. शेणाचा सडा घाला. वळणापासून वेशीपर्यंत. धूळबी बसती आन रस्ता घरच्यासारखा दिसतो."

बायकांना ते एकदम पटलं. आता घरोघरी फरशी आली, अंगणात पेव्हर ब्लॉक आले, सडा घालायला जागा राहिलेली नाही. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हातच इसरलेत शेण कालवायला." ठरलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच सांगितलं आणि मला तेव्हा अंगठा आठवला नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की आमची पोरगी खिंडीतून खाली येईल आणि तिच्यासाठी रस्ता सारवलेला असेल.

नात चार दिवसांपासून जुन्नरला होती, बाकीच्या पोरींबरोबर. आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आजे, रस्ता बघून झाला आमचा. आपल्या वळणाला मी ब्रेकच न्हाई लावायची. मला डोळं मिटून अंदाज हाय त्याचा."

"डोळं उघडं ठेव."

"बाकीच्या घाबरून हळू होतील, मी तिथंच पुढं जाईन. बघच तू."

मी तिला सड्याचं सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा कळेल तिला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही पंधरा-वीस बाया बादल्या घेऊन वळणावर गेलो. जर्सी गाईंचं शेण पातळ असतं, ते धरत नाही, म्हणून मी गावरान गाईंचं शेण गोळा करायला लावलं होतं. घट्ट कालवायला सांगितलं. सुनेने विचारलं, "आत्याबाई, एवढं दाट?" मी म्हणाले, "पातळानं काय व्हतंय, रस्त्यानं प्यायलं पायजे." तासाभरात वळणापासून वेशीपर्यंत रस्ता हिरवट काळा झाला. गावातल्या पोरींनी कडेने रांगोळ्या काढल्या. वास चांगला सुटला होता. एक म्हातारी म्हणाली, दिवाळी आली बघा. मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

साडेआठच्या सुमारास खिंडीतून दूधवाला आला. रोजचा माणूस, मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन. त्याने आम्हाला बघून हात वर केला आणि वळायला गेला. मोटरसायकल त्याच्या खालून निघून गेली. ती एकटीच सरकत कठड्यापर्यंत गेली आणि तो बसल्या बसल्या तिच्या मागे. कॅनचं झाकण उडालं. दूध त्या सड्यावरून वळणभर पसरलं.

"कोणाचा शहाणपणा हाय हा?" तो बसल्या जागेवरूनच बोंबलला. "रस्ता हाय का गोठा?"

बाया हसायला लागल्या. मी हसले नाही.  त्याच्या मोटरसायकलचं चाक चार बोटं रुंद होतं. रस्ता त्याच्या रोजचा होता, तो हळू होता, आणि त्याला मोटरसायकल आवरता आली नाही. खिंडीतून आमची पोरगी येणार ती सुसाट येणार, ब्रेक न लावता, अंगठ्याएवढ्या चाकावर. आणि समोर दगडी कठडा.

मी म्हणाले, "धुवा. सगळं धुवा आत्ता."

कोणाला कळेना मी काय म्हणते ते. मी सरपंचाच्या दंडाला धरलं आणि सांगितलं, "पोरी मरतील इथं. कळतंय का तुला? मरतील."  मग त्याने टँकर बोलावला. टँकरने पाणी मारलं तर वरचा सडा वाहून गेला, पण खडीच्या फटीत बसलेलं शेण आणि दूध तिथेच राहिलं, आणि आता सगळं वळण ओलं चिंब झालं. चिंचेच्या सावलीत ऊन यायला दुपार होणार. पोरी साडेदहाला येणार होत्या.

मी मुलाला फोन लावला. तो घोडेगावला, शर्यत संपते तिथे उभा होता. तो म्हणाला, "आई, मी इथून काय करू?" सरांना लावला तर लागेना, ते पोरींच्या मागच्या जीपमध्ये आणि जीप डोंगराच्या आड. पोरींजवळ तर फोन नसतोच. मी फोन सुनेच्या हातात दिला आणि सांगितलं, लावत राहा.

कोणीतरी म्हणालं, माती टाका. दोघं-तिघं घमेली घेऊन धावले आणि पहिलं घमेलं उपडं झालंही. तेवढ्यात शर्यतीचा एक माणूस मोटरसायकलवर पुढचा रस्ता बघत आला. अंगात पिवळं जाकीट. तो गाडीवरून उतरला आणि ओरडला, "माती नको! माती म्हणजे आणखी घसरणार! कोणी केलं हे? परवा मी स्वतः बघून गेलो, कोरडा होता."

"मी केलं," मी म्हणाले. "आता काय करायचं ते सांग. मला बोलायचं ते नंतर बोल."

 "पुसा," तो म्हणाला. "जेवढं पुसता येईल तेवढं पुसा. आतली बाजू आधी. आणि त्या कठड्याला काहीतरी मऊ लावा."

"शर्यत थांबव की मग."

"निघाल्यात त्या, आजी. मी मागं सांगतो, पण घोळका असा थांबत नाही. वर झेंडा घेऊन उभा राहतो आणि हळू करायला लावतो."

आम्ही पुसलं. घरातून जे हाताला लागलं ते आणलं, गोधड्या, जुनी लुगडी, बारदानं. रस्त्यावर गुडघे टेकून बायका पुसत होत्या, पुरुष पिळून देत होते. ज्या गोधड्या मी स्वतः शिवल्या होत्या त्या शेणात लोळत होत्या. पोरांनी गोठ्यांमधून भुशाची पोती आणून कठड्याला दोन थर उभी केली. दहा वाजून गेले. आतल्या अंगाला दोन हात रुंदीची पट्टी कोरडी झाली, हात फिरवला तर हाताला काही लागत नव्हतं. बाहेरचं अंग अजून चमकत होतं. मी पुसतच होते. मला दोघींनी काखेत धरून उठवलं आणि कडेला नेलं.

माणसं जमली होती. शेजारच्या वाड्यांवरूनही आली होती. एकाच्या हातात भंडाऱ्याचं ताट होतं. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि ओढ्यात रिकामं केलं. तो म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय." मी म्हणाले, "फिरलंय. मागं सर."

वरून शिट्टी ऐकू आली. पिवळ्या जाकिटातला माणूस उतारावर उभा राहून झेंडा हलवत होता आणि शिट्टी फुंकत होता, न थांबता. आधी पायलट गाडी गेली. मग चार पोरी पुढे आल्या, एकीमागे एक. त्यांनी झेंडा बघितला, ब्रेक दाबले, आतल्या पट्टीवरून आल्या आणि गेल्या. आमची त्यांच्यात नव्हती. आता मी तिला ओळखते. हाड जुळल्यापासून तिचा उजवा खांदा जरा खाली असतो.

 मी देवाचं नाव घेतलं असं लोक सांगतात. मला आठवत नाही. मला फक्त शिट्टी आठवते.

मग घोळका आला. खिंडीतून खाली येताना त्याचा आवाज आधी येतो, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा. पुढच्या पोरी हळू झाल्या. मागच्यांना झेंडा दिसत नव्हता, त्यांना फक्त पुढचीची पाठ दिसत होती. घोळका आकसला आणि कोरड्या पट्टीत मावेना. कडेच्या पोरी बाहेर ढकलल्या गेल्या. आणि मला तो उतरलेला खांदा दिसला. ती घोळक्याच्या मधोमध होती. तिच्या पुढे एक हिरव्या कपड्यातली पोरगी होती. वितीएवढं अंतर.

हिरव्या पोरीचं पुढचं चाक ओल्यावर गेलं. ती आडवी झाली आणि डावीकडे सरकत गेली, सायकलसकट, सरळ पोत्यांवर. पोतं फुटलं आणि भुसा एवढा उडाला की मला पुढचं काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा आमची पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावरून जात होती. तोंड उघडं, एक पाय पेडलवरून सुटलेला, जमिनीवर घासत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाय परत पेडलात अडकवला आणि वेशीकडे निघून गेली.

मी खाली बसले. बसले आणि पहिलं जे मनात आलं ते असं की बरं झालं. ती हिरवी पडली, आमची नाही पडली, बरं झालं. शब्दन् शब्द असाच आला. मी चांगली बाई आहे असं मी कधी म्हटलेलं नाही, पण इतकी वाईट आहे हेही मला माहीत नव्हतं.

मग मी उठले आणि भुशात गेले. पोरगी अठरा-एकोणीसची होती. केसांत, नाकात भुसा. डावं मनगट वेगळ्याच बाजूला वळलेलं. ती उठायला बघत होती.

"सायकल द्या," ती म्हणाली. "आजी, सायकल द्या माझी."

"बस खाली. हात मोडलाय तुझा."

तिने हाताकडे पाहिलं, आणि तेव्हा रडली. मागून ॲम्ब्युलन्स आली. तिला उचलून नेलं. कठडा पोत्यांमुळे लागला नाही, नाहीतर काही खरं नव्हतं, असं त्यातला माणूस म्हणाला. त्याने ते आमचं कौतुक म्हणून सांगितलं. 

आमची पोरगी अकरावी आली. चार वाजता घरी आली तेव्हा तिच्या पाठीवरचा नंबर अजून तसाच टाचलेला होता. तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"आजे, शेण?"

"हां."

"मी तुला सांगितलं व्हतं. ताटल्या धरून सांगितलं व्हतं."

"सांगितलं व्हतंस."

"मंग?"

"मंग काय. तुझ्यासाठी रस्ता सारवावा वाटला. अक्कल चालली न्हाई."

हेल्मेट काढून तिने ओट्यावर ठेवलं.  मग म्हणाली, "ती माझ्या पुढं व्हती. तिची पाठ बघूनच मी चालले व्हते. ती पडली तवा मला कळलं की इथं ओलं हाय. न्हाईतर मी तिथूनच गेले असते." आणि मग, "मी तिकडं चाललेय दवाखान्यात. तुला यायचंय का?"

यायचं नव्हतं. पण गेले.

मंचरला दवाखान्यात ती पोरगी खाटेवर बसली होती. हात कोपरापर्यंत बांधलेला, उद्या ऑपरेशन होतं. सांगलीकडची होती. तिची आई शर्यतीसाठी तिच्याबरोबर आलेली, शेतातलीच बाई, माझ्या सुनेच्या वयाची. नातीने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी कुजबुजत्या आवाजात शर्यतीचं काहीतरी बोलायला लागल्या, कोण पुढे गेली, कोणी कुठे जोर लावला. मी आईसमोर उभी राहिले.

"तुमची पोरगी माझ्यामुळं पडली," मी म्हणाले. "रस्त्यावर सडा मी घालायला लावला. शेणाचा."

त्या बाईने विचारलं, "कशाला?"

"माझी नात येणार म्हणून."

खाटेवरची पोरगी हसली. हसताना तिला कळ आली तरी हसली. "आये, शेणावरनं पडले म्हणून सांगू व्हय मी गावात?"

"तू गप बस," आई म्हणाली. ती हसली नव्हती. तिने नातीकडे वर-खाली पाहिलं, पाठीवरचा नंबर पाहिला. "ही व्हय तुमची?"

"हां."

"पोचली?"

"पोचली."

"कितवी?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "अकरावी."

"माझी तिच्या पुढं हुती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. जे होतं ते सांगितलं फक्त.

 माफ करा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्याने तिच्या पोरीचं मनगट सरळ होणार नव्हतं. तिने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. नात म्हणाली, "आजे, जायचं का?" मी म्हणाले, "तू जा. तुला जेवायला पायजे." त्या बाईला घोटभर चहा मिळालेला नव्हता सकाळपासून, आणि पोरीला सोडून ती खाली जात नव्हती. मी म्हणाले, "तुमी जाऊन या, मी बसते हिच्यापाशी." ती लगेच उठली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली. नखांमध्ये अजून शेण होतं. मग उठली, आणि दारातून दोनदा मागे वळून पाहत खाली गेली.